खाडी नासली तर समुद्रात मासळी कोठून येणार? : सांडपाणी, कोळंबीची तळी आणि कालवांची शेती

खाडीकाठ (धागाकर्ता)

कोकणातील मासळी का घटली, या विषयावर येथे पर्ससीन जाळी, एलईडी दिव्यांवरची मासेमारी आणि बारीक आसाची जाळी यांच्याबद्दल भरपूर लिहून झाले आहे. ते सारे आवश्यकच होते. मात्र त्या चर्चांमध्ये खाडीचा उल्लेख ओझरता होतो, आणि माझ्या मते दुखण्याचे मूळ पुष्कळसे तेथेच आहे. म्हणून हा धागा खाड्यांपुरताच ठेवावा अशी विनंती करतो. कारखान्यांचे आणि गावांचे सांडपाणी खाडीत गेल्यावर नेमके काय होते, आणि त्याच खाडीच्या काठी चालणारी मत्स्यशेती त्या पाण्याकडून काय घेते व त्याला काय परत करते, एवढाच विषय आहे.

कोळंबीची मादी समुद्रात अंडी घालते. अंड्यांतून निघालेली पिल्ले दोन-तीन आठवड्यांत भरतीबरोबर खाडीत शिरतात, कांदळवनाच्या मुळांत आणि काठच्या चिखलात वाढतात आणि अर्धवट वाढ झाली की ओहोटीबरोबर समुद्राकडे परततात. चिंबोरीचे थोडे वेगळे आहे. तिचे बहुतेक वाढणे खाडीत होते आणि अंडी सोडायला मादी समुद्राकडे जाते. जिताडा खाडीच्या मुखाशी अंडी घालतो आणि त्याची पिल्ले आत येतात. बोई, शेवटे, तांबोशी यांचाही बालपणीचा काळ खाडीतच जातो. ट्रॉलरच्या जाळ्यात दहा वाव पाण्यात सापडलेली कोळंबी कधीतरी करंबवणे, पूर्णगड किंवा आचऱ्याच्या चिखलात वाढलेली असते, आणि म्हणून खाडीतले पाणी बिघडल्याचा फटका खाडीत पाग (फेकायचे जाळे) टाकणाऱ्यापुरता राहत नाही.

दुसरी गोष्ट अशी की खाडी ही नदी नव्हे, आणि आपल्याकडील बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात. नदीत सोडलेले पाणी वाहून पुढे जाते. खाडीत सोडलेले पाणी सुकतीबरोबर काही किलोमीटर खाली जाते आणि सहा तासांनी भरतीबरोबर त्यातले पुष्कळसे परत वर येते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याची अदलाबदल मोठी होते, तर अष्टमीच्या सुमारास, भांगाच्या दिवसांत, तेच पाणी त्याच डोहात खालीवर होत राहते. पावसाळ्यात डोंगरातून येणारा लोंढा सगळे धुऊन नेतो, परंतु फेब्रुवारीपासून जूनपर्यंत कोकणातील बहुतेक नद्यांना पाणीच उरत नाही, आणि तेव्हा खाडीच्या वरच्या टोकाला सोडलेले सांडपाणी समुद्रापर्यंत पोहोचायला कित्येक दिवस घेते. एप्रिलमधल्या भांगाच्या दिवशी सोडलेला एक टँकर आणि जुलैमधल्या उधाणात सोडलेला एक टँकर यांचा परिणाम सारखा असूच शकत नाही, तरी परवानगीच्या कागदावर दोन्ही सारखेच असतात.

वाशिष्ठी नदीचे, म्हणजे पुढे तिचीच जी दाभोळ खाडी होते तिचे, उदाहरण या बाबतीत वेगळे आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीचे प्रक्रिया केलेले सांडपाणी करंबवण्याच्या बाजूने दाभोळ खाडीत येते, आणि खाडीकाठच्या भोई समाजाच्या त्याविषयीच्या तक्रारी अनेक वर्षे जाहीरपणे मांडल्या गेल्या आहेत. त्याच खाडीला कोयनेचे अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेले पाणी, हेही मिळते. कृष्णा पाणी तंटा लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला मान्य केलेले पाणी ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि ते पोफळीकडून वाशिष्ठीत उतरते. त्यामुळे ही खाडी उन्हाळ्यातही वाहती दिसते आणि सांडपाणी पातळ होते, हे खरे आहे. पण कोयनेची वीज प्रामुख्याने मागणीच्या वेळी तयार होते. म्हणजे खाडीला गोडे पाणी किती आणि केव्हा मिळणार हे विजेच्या मागणीवर ठरते, आणि खारेपणाच्या या चढउतारात एका जागी चिकटलेल्या कालवांची (ऑयस्टर) व वाळूत बसलेल्या मुळे या शिंपल्यांची परवड होते.

आता प्राणवायूबद्दल. ३० अंश तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात प्रतिलिटर जेमतेम ६ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहतो. तो ४ च्या खाली गेला की मासे अस्वस्थ होतात आणि २ च्या खाली बहुतेकांचा निभाव लागत नाही. म्हणजे कोकणातल्या उन्हाळ्यात मुळात हाताशी असलेली शिल्लकच थोडी असते. सांडपाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू हाच प्राणवायू खातात, आणि ती मागणी बीओडी या मापाने मोजली जाते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याला आपल्याकडे प्रतिलिटर ३० मिलिग्रॅम बीओडीची मर्यादा आहे, तर किनाऱ्यालगतच्या समुद्रात सोडायच्या पाण्याला १०० ची. उघड्या समुद्रात १०० ची मर्यादा समजण्यासारखी आहे. अरुंद, उथळ आणि वर सांगितल्याप्रमाणे मागेपुढे झुलणाऱ्या खाडीला ती लावणे मला मुळातच चुकीचे वाटते. सगळे नियम पाळूनही खाडी गुदमरू शकते, ती अशी.

जड धातू आणि न विघटणारी रसायने हा त्याहून चिवट भाग आहे. ती पाण्यात फार काळ दिसत नाहीत, गाळाच्या कणांना चिकटून तळाशी बसतात. त्यामुळे पाण्याचा नमुना निर्दोष निघाला तरी चिखलात राहणारे, चिखल गाळून खाणारे जीव ती साठवत राहतात. त्यात सक्शन पंपाने वाळूउपसा सुरू झाला की वर्षानुवर्षे बसलेला गाळ पुन्हा पाण्यात ढवळला जातो आणि तिसऱ्या-मुळ्यांच्या वसाहती वाळूसकट उचलल्या जातात. वाळूउपशाकडे आपण महसुलाची चोरी म्हणून पाहतो. खाडीतल्या जिवांच्या दृष्टीने ते त्यांचे घरच खणून नेणे आहे.

मत्स्यशेतीकडे येतो. खारेपाटातल्या घरामागच्या तळ्यात जिताडा पाळण्याची पद्धत रायगडात जुनी आहे आणि तिने खाडीचे काही बिघडवले नाही, कारण त्या तळ्यांत बाहेरून फारसे काही ओतले जात नसे. १९९० नंतर कोळंबीची तळी आली तेव्हा चित्र बदलले. ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पारंपरिक पद्धती वगळता किनारा नियमन क्षेत्रातल्या कोळंबी तळ्यांना मनाई केली. २००५ साली कायदा होऊन तटीय जलकृषी प्राधिकरण आले आणि नोंदणी केलेल्या तळ्यांना पुन्हा वाट मिळाली. २००९ मध्ये व्हॅनामेई या पांढऱ्या कोळंबीला परवानगी मिळाली, ती चौरस मीटरला ६० पिल्लांच्या मर्यादेत आणि सांडपाणी प्रक्रियेच्या अटीवर.

अट का घातली ते हिशोबाने पाहू. एक टन कोळंबी काढायला साधारण सव्वा ते दीड टन खाद्य लागते. त्यात प्रथिने ३५ टक्के धरली तर खाद्याबरोबर ७५ किलोच्या आसपास नायट्रोजन तळ्यात पडतो. काढलेल्या एक टन कोळंबीत त्यातला २५ ते ३० किलोच असतो. उरलेला काही हवेत जातो, पण बराचसा पाण्यात आणि तळाच्या गाळात राहतो. तो खाडीत गेला की शेवाळ माजते, मरते, कुजते आणि पुन्हा प्राणवायू खाते. म्हणजे तळे आणि कारखाना यांचा शेवट बराचसा एकाच वाटेने होतो.

माझे म्हणणे असे आहे की भरतीला खाडीचे पाणी घेणाऱ्या आणि ओहोटीला सोडणाऱ्या प्रत्येकाकडून, तो कारखाना असो, नगरपरिषद असो की तळेवाला, खाडीच्या भरती-ओहोटीचा हिशोब मागितला गेला पाहिजे. कोणत्या महिन्यात, कोणत्या तिथीला, किती पाणी सोडले आणि तेव्हा खाडीत प्राणवायू किती होता, हे काठच्या गावाला वाचता आले पाहिजे. आपापल्या खाडीचे अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.


तळेधारक

खाडीकाठ यांनी मांडलेला नायट्रोजनचा हिशोब मला मान्य आहे. परंतु आमची दुसरी बाजू त्यात आलेली नाही, ती मांडतो.

कोळंबीवाला खाडीचे पाणी बिघडवतो हे जितके खरे, तितकेच खाडीचे पाणी बिघडल्याचे त्याला इतरांच्या आधी कळते हेही खरे आहे. आम्ही उधाणाच्या भरतीला, पाणी सर्वांत स्वच्छ आणि खारे असताना, पंप लावतो. ते पाणी थेट तळ्यात घेत नाही. साठवण तळ्यात जाळीच्या पिशव्यांतून गाळून घेतो, ब्लीचिंग पावडर मारतो, काही दिवस ठेवतो आणि मग वापरतो. बांधाभोवती चिंबोऱ्या आत येऊ नयेत म्हणून कुंपण असते, वर पक्ष्यांसाठी दोऱ्या असतात, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू खेकड्यांच्या आणि पक्ष्यांच्या तोंडून एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातो. हा रोग १९९४-९५ च्या सुमारास भारतात पसरला आणि त्याने त्या वेळची टायगर कोळंबीची शेती बसवली. पहाटे तीन ते सहा हा आमचा जागरणाचा वेळ, कारण रात्रभर शेवाळही श्वास घेते आणि सूर्य उगवायच्या आधी प्राणवायू सर्वांत कमी असतो. मीटरवर आकडा घसरला की पाणी ढवळून हवा मिसळणारी पॅडल व्हील वाढवायची. हे सारे करूनही खाडीतून वाईट पाणी आले की तळे बसते. गेल्या काही वर्षांत पंप लावण्याआधी मी खाडीच्या कडेला निवट्या (चिखलावर सरकणारे लहान मासे) हालत आहेत का आणि पाण्याला फेस आहे का हे पाहतो.

पाणी सोडण्याबद्दल सांगायचे तर सगळे पाणी सारखे वाईट नसते. काढणीच्या दिवशी उघाडी (बांधातले पाणी सोडायचे दार) उचलली की आधी वरचे हिरवट पाणी जाते, त्यात फारसा दोष नसतो. शेवटचे वीतभर पाणी मात्र काळे असते, त्याला कुजलेल्या अंड्यांचा वास येतो आणि त्यातच खाद्याचा, विष्ठेचा आणि मेलेल्या शेवाळाचा सगळा गाळ असतो. एवढे शेवटचे पाणी वेगळ्या निवळण तळ्यात वळवले आणि काही दिवस थांबवले तरी खाडीवरचा भार मोठ्या प्रमाणात कमी होतो. मी स्वतः तसे करतो, त्या तळ्यात बोई सोडली आहे. पण त्यासाठी जमिनीचा एक तुकडा उत्पन्नाविना ठेवावा लागतो, आणि ज्याने भाड्याच्या खाजणात दोन तळी घेतली आहेत तो ते करीत नाही.

त्याहून गंभीर गोष्ट रोगाची आहे. रोग आलेल्या तळ्याचे पाणी ब्लीचिंग मारून तसेच कोंडून ठेवायचे असते, सोडायचे नसते. शेजारच्या एका प्रकल्पात रोग आल्यावर रात्रीतून उघाडी उचलली गेली आणि पुढच्या उधाणात ते पाणी आम्हीच पंपाने आत घेतले. खाडीतल्या रानटी कोळंबीचे त्यात काय झाले असेल ते कोण मोजणार?


प्रक्रियाकेंद्र

मी सांडपाणी प्रक्रियेच्या क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून नाव-गाव न लिहिता तांत्रिक भागापुरते लिहितो.

सामायिक प्रक्रिया केंद्रात प्रत्यक्ष काम जिवाणू करतात. हवेच्या टाकीत वाढवलेला त्यांचा गाळ हे केंद्राचे हृदय असते. रोज साधारण सारख्या प्रकारचे पाणी आले तर हे जिवाणू उत्तम काम करतात. पण रासायनिक वसाहतीत शंभर कारखान्यांचे शंभर प्रकारचे पाणी येते, आणि त्यात एखाद्या रात्री कोणी फार खारट, फार आम्ल किंवा विषारी द्रावण गटारात सोडले की टाकीतला गाळच मरतो. तो पुन्हा तयार व्हायला कित्येक दिवस, कधी आठवडे जातात, आणि त्या काळात केंद्रातून बाहेर पडणारे पाणी दिसायला प्रक्रिया केलेले असले तरी प्रत्यक्षात जवळजवळ कच्चे असते. खाडीत मासे मेले की बोट केंद्राकडे दाखवले जाते. मूळ अपराधी त्याच्याही वरच्या नळावर असतो आणि तो सापडत नाही, कारण प्रत्येक कारखान्याच्या निकासावर सतत मोजणी नसते किंवा ती पाहिली जात नाही.

उपाय अज्ञात नाहीत. वाईट पाणी वेगळे अडवून ठेवायला पुरेशी मोठी समानीकरण टाकी हवी, अति खारट पाण्याचे बाष्पीभवन कारखान्याच्या आवारातच व्हावे, आणि केंद्राच्या निकासाचे आकडे गावाच्या चावडीवर दिसावेत. १०० च्या मर्यादेबद्दल खाडीकाठ यांनी लिहिले आहे ते योग्य आहे. त्यात एक भर घालतो. ही चाचणी २७ अंशाला तीन दिवस ठेवून होते, म्हणजे निकाल हाती येतो तेव्हा ते पाणी खाडीत सहा भरत्या खाऊन गेलेले असते. रोजच्या नियंत्रणासाठी तिचा उपयोग नाही. प्राणवायू, सामू, क्षारता आणि अमोनिया ही चार मापे यंत्राने मिनिटामिनिटाला मिळू शकतात. आग्रह त्यांचा धरावा.


पागकर

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या खाडीची मासेमारी आहे. येथे मोठमोठे आकडे आले आहेत, त्यांबद्दल मला बोलता येणार नाही, पण मासे मरताना मी पाहिले आहेत त्याबद्दल लिहितो.

दोन प्रकारे मासे मरतात. एका प्रकारात पहाटे पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडझाप करतात, मोठे मासे आधी लागतात, आणि ऊन चढले की उरलेले सावरतात. खेकडे काठावर चढून बसतात. दुसऱ्या प्रकारात दिवसाची वेळ नसते. भरतीचे पाणी जसे वर चढत जाते तसतसे लहानमोठे सगळे एकदम उलटे होतात, कोळंबी उड्या मारत कडेला येते, खेकडाही मरतो. काही वेळा माशांचे कल्ले भाजल्यासारखे दिसतात. निवटी मात्र पुष्कळदा वाचते, कारण ती चिखलावर हवेत राहते. जुनी माणसे या दोन्ही प्रकारांना वेगळे समजत, कारण पहिला प्रकार पूर्वीही अधूनमधून होत असे. दुसरा त्यांच्या काळी नव्हता.

पहिल्या पावसाचे दिवस सर्वांत वाईट असतात. त्याच दिवसांत चढणीचे मासे वर निघतात, पोटात गाभोळी घेऊन, आणि त्याच दिवसांत वर्षभर कोठेतरी साठवलेले पाणी पावसाच्या आडोशाने सोडले जाते. लोंढा गढूळ असतो, त्यात रंग कोण पाहणार? त्या दिवशी मेलेली एक मादी म्हणजे हजारो पिल्ले गेली.

तक्रार केली की साहेब येतात, पण दुसऱ्या दिवशी येतात. तोवर दोन भरत्या होऊन गेलेल्या असतात. बाटलीत पाणी भरून नेतात आणि अहवाल येतो की पाणी ठीक आहे. आम्ही काय करावे, हे जाणकारांनी सांगावे.


खाडीकाठ

पागकर दादा, आपण जो फरक लिहिला आहे तो शास्त्रालाही मान्य आहे. पहाटे मोठे मासे आधी लागणे हे प्राणवायू घटल्याचे लक्षण आहे, आणि लहानमोठे सगळे, खेकड्यांसकट, कोणत्याही वेळी मरणे हे विषाचे.

पहिल्या प्रकाराबद्दल एक सावधगिरी मात्र आपण सर्वांनीच बाळगली पाहिजे. पावसाळ्यात आणि तो संपताना, विशेषतः सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर खोलातले थंड आणि प्राणवायू कमी असलेले पाणी उथळ भागाकडे चढते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या मापनांनुसार हा किनारी पट्टा सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटरचा आहे, आणि अशा नैसर्गिक पट्ट्यांत तो जगात सर्वांत मोठा आहे. त्या दिवसांत तळातले मासे किनाऱ्याकडे सरकतात, कधी मरतात. प्रत्येक मेलेल्या माशाचा दोष कारखान्यावर टाकला तर ज्या दिवशी खरा दोष असेल त्या दिवशी आपले कोणी ऐकणार नाही. मात्र नैसर्गिकरीत्याच प्राणवायू कमी असलेल्या किनाऱ्यावर आपण आणखी घाण लोटतो आहोत, हे या मापनांवरून अधिकच ठळक होते. येथील पाण्याला सहन करायला जागा कमी आहे.

नमुन्याबद्दल सांगतो. साहेब येईपर्यंत थांबू नये. मासे मरताना दिसताच वेळ, तिथी, भरती की सुकती आणि पाणी कोणत्या बाजूने येत आहे हे वहीत लिहावे. कोणते मासे, कोणत्या आकाराचे, कोणत्या क्रमाने मेले हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही, तेही लिहावे. मोबाइलवर ठिकाणासह छायाचित्रे घ्यावीत. स्वच्छ बाटल्या त्याच पाण्याने विसळून काठोकाठ भराव्यात, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि लगेच बर्फात ठेवाव्यात. एक नमुना मासे मरत आहेत तेथला, एक त्याच्या वरचा आणि एक खालचा घ्यावा. तिन्हींची तुलना झाली नाही तर एकट्या नमुन्याला अर्थ उरत नाही. अर्धमेले मासे बर्फावर वेगळे ठेवावेत, कारण पूर्ण कुजलेल्या माशाच्या कल्ल्यांवरून काही कळत नाही. प्राणवायू मात्र बाटलीत टिकत नाही, तो जागच्या जागी मोजावा लागतो. त्यासाठी हातात धरायचा मीटर मच्छीमार सोसायटीने घेऊन ठेवावा. तळेधारकांकडे तो असतोच, आणि अशा वेळी ते तो घेऊन आले तर दोघांचाही फायदा आहे.


हापूसबाग

विषय सांडपाण्याचा आणि तळ्यांचा आहे, परंतु आम्हा बागायतदारांचे नाव त्यात आलेच पाहिजे, म्हणून लिहितो.

आंब्यावरच्या तुडतुडा या किडीसाठी पालवीच्या वेळी डेल्टामेथ्रिन आणि पुढे मोहोराच्या आधी लॅम्डा सायहॅलोथ्रिन फवारण्याची शिफारस आपल्याकडे रूढ आहे. ही पायरेथ्रॉइड गटातली औषधे माणसाच्या मानाने पाण्यातल्या जिवांना कितीतरी पट घातक आहेत. तुडतुडा आणि कोळंबी दोघेही कवचधारी, सांधेदार पायांच्या कुळातले असल्यामुळे जे एकाला मारते ते दुसरीलाही मारते. फवारणी कोरड्या हंगामात होते, त्यामुळे झाडावरचे औषध लगेच वाहून जात नाही. खरा धोका पंप धुण्यात आहे. फवारणी संपली की गडी टाकी घेऊन जवळच्या पऱ्ह्यावर (ओढ्यावर) जातो, उरलेले औषध ओततो, टाकी विसळतो, आणि त्या दिवसांत पऱ्ह्याला टाचभर पाणी असते. खाली शंभर-दोनशे मीटरवर तोच पऱ्ह्या खाडीला मिळतो. देवगड-विजयदुर्गाच्या बाजूला असे किती पऱ्हे आहेत ते येथील लोकांना सांगायला नको. टाकी बागेतच, पाण्यापासून दूर, खड्डा करून धुवावी आणि विसळलेले पाणी पुन्हा झाडांवरच मारावे. याला पैसा लागत नाही. मी गड्यांना हे समजावून सांगितले, कारणही सांगितले, आणि त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी खाडीची मासळी खातात म्हणून ते पटलेही.


कालववाडी

आम्हा बायकांचा गट सिंधुदुर्गातल्या एका खाडीत कालवांची शेती करतो. कांदळवन कक्षाच्या योजनेतून सुरुवात झाली. वरच्या चर्चेत मत्स्यशेती म्हणजे कोळंबी असेच धरलेले दिसते, म्हणून आमची पद्धत सांगते.

खाडीत बांबूचा सांगाडा उभा करायचा आणि त्याला दोरीत ओवलेली रिकामी कालवे टांगायची. पाण्यातली बारीक पिल्ले त्यांना चिकटतात आणि वाढतात. खाद्य विकत घ्यावे लागत नाही, औषध लागत नाही. कालव पाणी आत घेते, त्यातले शेवाळ आणि कण गाळून खाते आणि पाणी बाहेर सोडते, दिवसाला कित्येक लिटर. शिणाण्यांचेही तसेच आहे. खाडीत वाढलेला नायट्रोजन कालवाच्या अंगात जातो आणि आम्ही कालव काढतो तेव्हा तो खाडीबाहेर निघतो. आमच्या शेतीने पाणी निवळते, असे अधिकाऱ्यांनी प्रशिक्षणात सांगितले होते आणि सांगाड्याखाली ते दिसतेही. तेथे बारीक मासळी जमते, पागवाले मुद्दाम आमच्या बाजूला येतात.

अडचण अशी की कालव चांगले-वाईट निवडत नाही. वरच्या अंगाला कोणाच्या शौचालयाचे पाणी सुटत असेल तर ते जंतूही तेच गाळते आणि साठवते. पावसात गोडे पाणी वाढले की कालवे मरतात, म्हणून आम्हाला दिवाळीनंतर ते मे महिन्यापर्यंतच खरा हंगाम मिळतो. त्या हंगामात वरच्या बाजूने वाळू उपसली की गाळ बसून दोरीच्या दोरी गुदमरते. गिऱ्हाईक विचारते की ही कालवे सुरक्षित आहेत ना, तेव्हा काय उत्तर द्यावे? खाडीकाठ यांनी व प्रक्रियाकेंद्र यांनी यावर जरूर लिहावे.


खाडीकाठ

कालववाडी ताई, आपला प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे असे मी मानतो. खाद्य ओतणारी शेती आणि पाण्यातलेच खाऊन वाढणारी शेती यांना एकाच योजनेत, एकाच अनुदानाच्या रकान्यात बसवू नये, हे म्हणणे आपल्या अनुभवाने पक्के झाले. पिंजऱ्यातला जिताडा किंवा मोदुसा यांचे स्थान या दोहोंच्या मध्ये येते. त्यांना खाद्य लागते आणि ते खाली सांडते, त्यामुळे पिंजरे खोल व वाहत्या पाण्यात असावेत आणि दर हंगामानंतर जागा बदलावी, एवढी काळजी घेतली तर निभते. बंद डोहात दाटीने लावलेले पिंजरे स्वतःच्याच घाणीने मरतात. शिवाय त्यांच्या आणि कोळंबीच्या खाद्यात फिशमील असते. त्यासाठी तारली आणि इतर बारीक मासळी टनांनी दळली जाते, हा भार शेवटी समुद्रावरच पडतो.

आपल्या प्रश्नापुरते बोलायचे तर जंतू आणि धातू यांचा विचार वेगळा करावा. काढलेली कालवे स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत एक ते दोन दिवस ठेवली तर ती आतली घाण बाहेर टाकतात आणि जंतू मोठ्या प्रमाणात कमी होतात. युरोपात कच्ची खाण्यासाठी विकायच्या कालवांच्या १०० ग्रॅम मांसात ई. कोलाय या विष्ठेतल्या जंतूंचे प्रमाण २३० पर्यंतच चालते. आपल्याकडे कालवे शिजवून खातात हा मोठा आधार आहे. धातू मात्र टाकीत ठेवून किंवा शिजवून जात नाहीत. म्हणून सांगाडा उभारण्यापूर्वी त्या जागच्या गाळाची आणि रानटी कालवांची एकदा शिसे, कॅडमियम व पाऱ्यासाठी तपासणी करून घ्यावी. औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला खाण्यासाठी कालवांची शेती करूच नये.


प्रक्रियाकेंद्र

खाडीकाठ यांच्या वरील उत्तरात थोडी भर घालतो. गाळाचा नमुना ओहोटीला, पाणी पूर्ण उतरल्यावर, वरच्या दोन-तीन सेंटिमीटर थरातून घ्यावा आणि तो लोखंडी फावड्याने न घेता प्लास्टिकच्या चमच्याने घ्यावा, नाहीतर धातूचे आकडे बिघडतात. तीन-चार जागचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत आणि प्रयोगशाळेला नमुन्यातल्या बारीक चिखलाचे प्रमाणही मोजायला सांगावे. धातू बारीक कणांना चिकटत असल्यामुळे वाळूचा नमुना नेहमीच निर्दोष दिसतो. तपासणीचा खर्च एकट्या गटाला जड जाईल. एका खाडीतले गट, सोसायटी आणि तळेधारक यांनी मिळून पावसाळ्यापूर्वी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा अशी तपासणी केली, आणि खाडीकाठ यांनी सांगितलेल्या नोंदींची वही तिच्या जोडीला ठेवली, तर दोन-तीन वर्षांत त्या खाडीचा असा दस्तऐवज तयार होईल जो कोणत्याही सुनावणीत बाजूला सारता येणार नाही. नमुना घेण्याची पद्धत ज्यांना प्रत्यक्ष शिकायची असेल त्यांनी येथे खाडीचे नाव लिहावे. मे महिन्यातल्या भांगाच्या दिवसांत मी सुट्टी काढून येऊ शकेन.


पागकर

दाभोळ खाडी लिहून घ्यावी. आमच्या वाडीतले पाच-सहा तरुण तयार आहेत, होडी आमची असेल.


कालववाडी

आमचीही खाडी घ्यावी. बर्फाची पेटी आणि बाटल्या गटाकडे आहेत, मीटर मात्र नाही.


तळेधारक

मीटर मी देतो. मे महिन्यात माझी काढणी झालेली असेल, त्यामुळे तो मोकळा असतो.